आईच्या गुडघ्यात पीआरपी द्यायचं म्हणतायत, कुणाला अनुभव आहे का?

मुठाकाठ
९ मार्च, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि लिहितेय तेही काळजीपोटी.

आई ६३ वर्षांची. डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतोय. आम्ही सिंहगड रोडला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. चढताना एवढं नाही, पण उतरताना ती कठडा घट्ट धरते, डावा पाय आधी खाली टाकते आणि मग उजवा त्याच पायरीवर आणते. तीन मजले उतरायला हल्ली सहा-सात मिनिटं लागतात. मांडी घालून बसणं बंद झालं. देवापुढचा पाट उचलून स्टूल ठेवलं त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण मला कळलं.

गेल्या आठवड्यात तिला एका क्लिनिकमध्ये नेलं. एक्स-रे काढला, कॉम्प्युटरवर दाखवला आणि "ग्रेड दोन-तीन आहे, पीआरपी करून टाकू" असं सांगितलं. ग्रेड म्हणजे झीज किती ते, एक ते चार. पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा: तिचंच रक्त काढून, त्यातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) वेगळ्या करून गुडघ्यात द्यायच्या. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन इंजेक्शनं, एकूण ३९ हजार. या आठवड्यात पैसे भरले तर सहा हजार सूट. हातात जे माहितीपत्रक दिलं त्यात लिहिलंय की झिजलेली गादी (हाडांच्या टोकांवरची कूर्चा) पुन्हा भरून येते. मेडिक्लेमवाल्यांना फोन केला, ओपीडीतलं आहे, मिळणार नाही म्हणाले.

पैशांची सोय होईल. पण डॉक्टरांनी गुडघ्याला जेमतेम हात लावला, ते माझ्या मनातून जात नाहीये. शिवाय सूट कशाची? भाजी आहे का ही?

आईला एकच हवंय. दरवर्षी पालखी पुण्यात येते तेव्हा ती पादुका चौकापासून माउलींबरोबर चालायची. गेली दोन वर्षं गॅलरीत बसून टीव्हीवर बघतेय. यंदा चालायचं म्हणते.

कुणी घेतलंय का हे? गादी खरंच भरते का? कुणाला काय विचारावं?

पर्वतीच्या_पायऱ्या
९ मार्च, रात्री ११:०२

ताई, मी घेतलंय म्हणून लगेच लिहितो.

वय ७१. तीन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांत पीआरपी घेतलं, प्रत्येकी दोनदा. तेव्हाच माझा ग्रेड चार होता, म्हणजे हाडावर हाड घासत होतं. मला कोणी सांगितलं नाही की या अवस्थेत त्याचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी. दोन आठवडे बरं वाटलं, मग येरे माझ्या मागल्या. पुढच्या वर्षी उजवा गुडघा बदलला, सहा महिन्यांनी डावा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, त्याचा आमच्यासारख्यांना मोठा आधार झाला. आता पर्वतीच्या १०३ पायऱ्या सावकाश, दोनदा थांबून चढतो.

मी पीआरपीला वाईट म्हणत नाही. माझ्या गुडघ्यासाठी ती चुकीची गोष्ट होती आणि ते आधी सांगता आलं असतं. त्या चार इंजेक्शनांच्या पैशांपेक्षा वाया गेलेल्या वर्षाची हळहळ जास्त आहे. त्या वर्षात मी चालणं सोडलं, मांड्या पार बारीक झाल्या आणि ऑपरेशननंतर त्या भरून आणायला दुप्पट कष्ट पडले.

चक्रगती
१० मार्च, सकाळी ६:५०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, पंधरा वर्षं झाली. आठवड्यातून दोन-तीनदा पीआरपी माझ्या हातून तयार होतं. ते गुडघ्यात गेल्यावर काय करतं ते डॉक्टर सांगतील, पण ट्यूबमध्ये काय होतं ते मी डोळ्यांनी बघते. तेवढं सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

हाताच्या शिरेतून साधारण ३० मिली रक्त घेतो. ट्यूबमध्ये आधीच सायट्रेट असतं, म्हणजे रक्त गोठत नाही. मग ट्यूब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. खोकल्याच्या औषधाची बाटली हलवतो तशी जोरात हलवली तर प्लेटलेट तिथेच उघडतात आणि त्यांच्यातला माल ट्यूबमध्येच सांडतो. सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरागरा फिरवणाऱ्या मशीनमध्ये, समोरासमोरच्या ट्यूब सारख्या वजनाच्या लागतात, नाहीतर मशीन धडधडतं.

पहिली फेरी हळू. ट्यूब बाहेर काढली की खाली गडद लाल, वर कोमट साजूक तुपासारखा पिवळसर थर आणि दोन्हींच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखी पातळ पांढरट रेघ. त्या रेघेला बफी कोट म्हणतात, पांढऱ्या पेशी तिथे असतात. वरचा पिवळा भाग सुईने अलगद ओढून दुसऱ्या ट्यूबमध्ये घ्यायचा आणि पुन्हा फिरवायचा, या वेळी जोरात. आता प्लेटलेट तळाशी बसतात. वरचा पातळ प्लाझ्मा (रक्तातलं पिवळसर पाणी) काढून टाकायचा आणि उरलेल्या तीन-चार मिलीमध्ये ती तळाची गोळी हळूहळू मिसळायची. पहिल्या खेपेला सुई सायीच्या किती जवळ न्यायची यावर पांढऱ्या पेशी येणार की नाही ते ठरतं. सांध्यासाठी बहुतेक डॉक्टर पांढऱ्या पेशी नकोत म्हणतात, कारण त्यांनी सूज वाढू शकते.

आता हिशेब. आपल्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत त्या कित्येक पटींनी वाढलेल्या हव्यात. दहा लाखांच्या आसपास हा आकडा बरीच वर्षं धरला जातो. पण एकदाच फिरवून, वरचं पिवळं पाणी सिरिंजमध्ये भरून दिलं तरी नाव पीआरपीच! मी दुसऱ्या ठिकाणाहून तपासायला आलेला नमुना मोजलाय. मूळ रक्तात २ लाख १० हजार, 'पीआरपी'त ३ लाख ४० हजार. त्या पेशंटने पूर्ण पैसे भरले होते.

म्हणून ताई, क्लिनिकला विचारा: एकदा फिरवता की दोनदा? तयार झाल्यावर प्लेटलेट मोजता का? आकडा लिहून द्याल का? मोजायला काउंटर मशीनवर दोन मिनिटंही लागत नाहीत.

भाजणी
१० मार्च, सकाळी ९:२०

बाळबोध प्रश्न आहे, पण डेंग्यूत चढवतात त्याच प्लेटलेट का या? माझ्या भाच्याला लागल्या होत्या, रक्तपेढीत धावपळ झाली होती.

चक्रगती
१० मार्च, सकाळी ९:४१

पेशी त्याच, काम वेगळं. डेंग्यूत दात्याच्या प्लेटलेट शिरेतून देतात, रक्तस्राव होऊ नये म्हणून. इथे स्वतःच्याच घेतात आणि दुखऱ्या जागी टोचतात, कारण प्लेटलेट उघडल्या की त्यातून जखम भरायला मदत करणारे घटक बाहेर पडतात. पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ अशी त्यांची नावं. बोट कापल्यावर खपली धरते तिथेही हेच घटक काम करत असतात. मुळात पीआरपी हा शब्दही रक्तपेढीतलाच, सांध्यांकडे तो नंतर आला.

आकडेमोड
१० मार्च, दुपारी १:३०

मुठाकाठ, तुमचा प्रश्न होता गादी भरते का. त्याचं उत्तर शक्य तितकं सरळ देतो.

२०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली. सिडनी आणि मेलबर्नमधले २८८ लोक, सगळे पन्नाशीच्या पुढचे, गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेले. तुमच्या आईसारखेच. रक्त सगळ्यांचं काढलं. अर्ध्यांना पीआरपी दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाइन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणी, आठवड्याला एक असं तीनदा. कोणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत नव्हतं. वर्षाने विचारलं. दहापैकी दुखणं किती कमी झालं? पीआरपीवाल्यांचं २.१, सलाइनवाल्यांचं १.८. एमआरआयवर गादीही मोजली. ती दोन्हीकडे कमीच झाली होती, पीआरपीत १.४ टक्के आणि सलाइनमध्ये १.२ टक्के.

म्हणजे गादी भरली नाही. त्या माहितीपत्रकातल्या वाक्याला आधार नाही. ज्या क्लिनिकने ते वाक्य छापलंय त्याच्या बाकीच्या बोलण्यावर किती विसंबायचं, ते तुम्ही ठरवा.

पर्वतीच्या_पायऱ्या
१० मार्च, दुपारी ३:०५

पण दादा, सलाइनने तरी १.८ कमी झालंच ना? दुखणाऱ्याला दोन गुण म्हणजे रात्रीची झोप असते.

आकडेमोड
१० मार्च, दुपारी ३:४८

काका, तुमचं खरं आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. गुडघेदुखीचा स्वभावच असा की ती लाटेसारखी वरखाली होते आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो लाट उंच असताना. ती पुढे उतरतेच. त्यात कोणी आपुलकीने लक्ष दिलं, सुई टोचली, की मेंदू दुखणं खरोखर कमी जाणवू देतो. हा आराम खोटा नसतो. पण तो ३९ हजारांना विकताना 'गादी भरते' म्हणून विकू नये. माझं भांडण त्या विकण्याशी आहे.

कोथरूडचा_ऑर्थो
१० मार्च, रात्री १०:४०

मी ऑर्थोपेडिक्समध्ये काम करतो, पुण्यातच. पीआरपी देतो आणि बऱ्याच जणांना नकोही म्हणतो. दोन्ही बाजू मांडतो.

वर सांगितलेली चाचणी चांगली आहे, पण तेवढी एकच नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत ७८ लोकांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सलाइनपेक्षा पीआरपीवाल्यांना स्पष्टपणे जास्त आराम मिळाला. दोन इंजेक्शनं घेतलेल्यांना एकापेक्षा जास्त फायदा झाला नाही आणि सहा महिन्यांपर्यंत परिणाम ओसरू लागला होता. पुढे आणखी अभ्यास झाले, काही अनुकूल, काही प्रतिकूल. म्हणूनच मोठ्या संघटनांमध्येही एकवाक्यता नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असं ठामपणे सांगितलं. तिथल्याच अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दुखणं कमी होऊ शकतं असं म्हटलं, पण पुरावा मर्यादित असल्याचंही नोंदवलं. मतभेदाचं एक मोठं कारण चक्रगतीताईंच्या पोस्टमध्ये आहे: प्रत्येक ठिकाणचं पीआरपी वेगळं. एकाच नावाखाली दहा औषधं असतील तर निकाल एकसारखे कसे येणार?

माझा स्वतःचा शिरस्ता असा. ग्रेड एक किंवा दोन, तीन महिने नीट व्यायाम झालेला आहे, वजनाकडे लक्ष दिलंय, तरी दुखणं अडवतंय, आणि पेशंटला 'कदाचित काही महिने आराम मिळेल, कदाचित नाही' हे समजलंय, तर देतो. ग्रेड चारला देत नाही. प्लेटलेट कमी असतील, रक्ताचा विकार असेल, त्या जागी किंवा अंगात जंतुसंसर्ग असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर नाही.

दोन गोष्टी मात्र कळकळीने. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या प्लेटलेटच्या कामात आड येतात, म्हणून आधी आणि नंतर काही दिवस बंद ठेवायला सांगतात. पण हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलंय त्यांना विचारा. आणि कुठलंही इंजेक्शन घेतल्यावर दोन-तीन दिवस ठणका चालतो, पण गुडघा लाल होऊन तापला, टेकवतही नाही, अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सांध्यात जंतू गेले तर तासातासाला नुकसान होतं.

मुठाकाठ, एक विचारतो. एक्स-रे आई उभ्या असताना काढला की झोपवून?

थापी_टिपरू
११ मार्च, रात्री १२:१०

गुडघा नाही, पण कोपराचा माझा अनुभव लिहितो. वय २९, ढोल-ताशा पथकात नऊ वर्षं आहे. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव. उजव्या हातात टिपरू, डाव्याने थापी. दोन वर्षांपूर्वी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. आधी फक्त वादनानंतर, मग चहाचा कप उचलतानाही कळ यायची. टेनिस एल्बो म्हणाले. टेनिसची रॅकेट मी आयुष्यात धरलेली नाही.

विसर्जनाला तीन आठवडे होते, मी हट्टाने स्टिरॉइडचं, म्हणजे सूज उतरवणारं, इंजेक्शन घेतलं. जादू झाली. लक्ष्मी रोडवर सात तास वाजवलं. दिवाळीत दुखणं परत आलं ते आधीपेक्षा वाईट. नंतर वाचलं, ऑस्ट्रेलियात १६५ लोकांवर असाच अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये 'जामा'त आला. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांना दुखणं परत आलं, सलाइनवाल्यांपैकी १२ टक्क्यांना. मला हे आधी माहीत असतं तर त्या वर्षी मी ध्वज धरला असता, ढोल नाही.

पीआरपी गेल्या नोव्हेंबरात घेतलं, सोनोग्राफीवर बघत. सुई नेमकी कुठे जातेय ते मलाही पडद्यावर दिसत होतं. पहिला आठवडा फार दुखलं, शर्टाची बटणं डाव्या हाताने लावली. मग फिजिओने एक किलोचा डंबेल दिला. मनगट टेबलाच्या कडेबाहेर, तळवा खाली. दुसऱ्या हाताने वजन वर न्यायचं आणि दुखऱ्या हाताने चार-पाच सेकंद घेत हळूहळू खाली सोडायचं. पंधराचे तीन सेट, रोज. आता मार्चमध्ये नव्वद टक्के बरा आहे.

पीआरपीने की व्यायामाने? प्रामाणिकपणे सांगतो, ठरवता येत नाही. माझ्या पथकातल्या एकाला हेच होतं, त्याने नुसता व्यायाम केला आणि तोही आठ महिन्यांत बरा झाला.

कोथरूडचा_ऑर्थो
११ मार्च, सकाळी ७:३०

थापी_टिपरू, छान लिहिलंत. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात आपला आपण बरा होतो, म्हणून कशाने बरं झालं ते सांगणं अवघड जातं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२१ चा मोठा आढावाही पीआरपीने कोपराला फार काही साधत नाही असंच म्हणतो.

टेकडी_सकाळ
११ मार्च, सकाळी ८:१५

टेनिसपटू नदालने गुडघ्यासाठी पीआरपी घेतलं होतं आणि त्यानंतरही ग्रँड स्लॅम जिंकली, असं वाचलंय. मग आपल्याला का नाही? मी वेताळ टेकडीवर रोज पळतो, टाचेच्या वरची शीर सहा महिने धरलेली असते सकाळी.

कोथरूडचा_ऑर्थो
११ मार्च, रात्री ९:५५

नदालचं दुखणं गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचं होतं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं. ताईंच्या आईंचं दुखणं सांध्याच्या गादीचं आहे. तुमचं टाचेमागच्या टेंडनचं, अकिलिसचं. ही तीन वेगळी दुखणी आहेत. शिवाय त्याच्या दिमतीला पूर्णवेळ फिजिओ होता. अकिलिसवर मात्र चाचण्या झाल्या आहेत, २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ जणांवर सलाइनशी तुलना करून आणि २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये २४० जणांवर नुसत्या नावापुरत्या टोचलेल्या सुईशी तुलना करून. दोन्हींत पीआरपीने जास्त फायदा दिसला नाही. तुम्ही टाचा उचलायच्या व्यायामापासून सुरुवात करा आणि काही आठवडे टेकडीऐवजी सपाटीवर पळा. चढ त्या शिरेला फार खेचतो.

हालचाल
१२ मार्च, दुपारी २:२०

मी फिजिओथेरपिस्ट. मुठाकाठ ताई, आईंची पायऱ्या उतरायची पद्धत तुम्ही इतकी नीट लिहिलीत की मला त्या डोळ्यांसमोर दिसल्या. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेकचं काम करावं लागतं. तो अशक्त झाला की सगळा धक्का सांध्यावर येतो. मग दुखतं म्हणून माणूस तो पाय कमी वापरतो, आणि स्नायू आणखी अशक्त होतो. पर्वतीच्या काकांचं तेच झालं.

पीआरपी घ्या किंवा नका घेऊ, हे मात्र चुकणार नाही. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे धरायचं, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, हा कमरेच्या बाजूच्या स्नायूसाठी, आणि नेमका हाच सगळे विसरतात. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. खुर्ची बुटकी असेल तर उशी घाला. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका.

वजनाचा उल्लेख ओझरताच झाला म्हणून बोलते. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. आईंना 'वजन कमी कर' असं नुसतं सुनवू नका. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हे वाक्य ऐकून ऐकून रडू येतं. रात्रीच्या पोळ्यांतली एक कमी करून वाटीभर उसळ वाढवा, एवढ्यापासून सुरुवात होते.

मुठाकाठ
१७ मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांत काय झालं ते सांगते.

आधी त्या क्लिनिकला फोन केला. दोनदा फिरवता का? "आमची किट असते." प्लेटलेट मोजता का? "त्याची गरज नसते." पांढऱ्या पेशी काढता का? फोन दुसऱ्या बाईंकडे दिला. त्यांनी सूट अजून चालू असल्याचं सांगितलं. मी फोन ठेवला.

मग दुसरीकडे गेलो. एक्स-रे बघून डॉक्टरांनी पहिलंच वाक्य उच्चारलं, "हा झोपवून काढलाय." कोथरूडच्या डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न त्या क्षणी आठवला! उभं राहून काढला की अंगाचा भार पडतो आणि दोन हाडांमधली फट खरी किती उरलीय ते कळतं. परत काढला. ग्रेड दोन, आतल्या बाजूची फट थोडी कमी. मग त्यांनी आईला टेबलावर झोपवून वीस मिनिटं तपासलं. पाय पूर्ण सरळ होत नाही, तीन-चार अंश अडतो. कुशीवर झोपून पाय उचलायला सांगितला, डावा थरथरायला लागला आणि आई म्हणाली, "अगंबाई, हा माझाच पाय ना?"

सल्ला असा: बारा आठवडे व्यायाम. तोवर पीआरपी नाही. त्यानंतरही अडलं तर एकदा देऊन बघू, तीनचं पॅकेज वगैरे नाही.

आई रिक्षात गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा गुडघा हातात घेतला."

हालचाल
१७ मार्च, रात्री १०:०५

हे वाचून फार बरं वाटलं. पहिले तीन आठवडे कंटाळवाणे असतात, काहीच फरक दिसत नाही. तेव्हा सांभाळा.

मुठाकाठ
१४ एप्रिल, रात्री ८:५०

आईने भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करायला घेतल्यात. व्यायाम झाला की तारखेखाली पेन्सिलने बारीक टिंब. गुढीपाडव्याला आणि माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या दोन दिवशी टिंब नाही. तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढलं होतं, ती सोडून देणार होती. हालचाल ताईंचं 'निम्मा करा, बंद करू नका' हे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. टिकली.

पर्वतीच्या_पायऱ्या
१४ एप्रिल, रात्री ९:१५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि एक, सकाळी उठल्या उठल्या करू नका म्हणावं. सांधा आखडलेला असतो. आंघोळीनंतर करायचे.

मुठाकाठ
२४ जून, रात्री १०:२५

धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं.

बारा आठवडे होऊन गेले. पाय आता पूर्ण सरळ होतो. हात न टेकता खुर्चीवरून सलग अकरा वेळा उठते, मार्चमध्ये तीनदा उठून थांबायची. वजन अडीच किलो उतरलं. दुखणं गेलेलं नाही. पावसाळी हवेत आणि जास्त उभं राहिलं की बोलतंच. मांडी घालून बसता येत नाही आणि डॉक्टर म्हणाले, तो हट्ट सोडा.

पालखी आली त्या दिवशी आम्ही दुपारीच फर्ग्युसन रस्त्याला जाऊन थांबलो. पादुका चौकापासून माउलींच्या रथामागच्या एका दिंडीबरोबर चालायला लागली. मी पिशवीत पाणी, गुडघ्याचा पट्टा आणि घडीचं स्टूल घेतलं होतं. स्टूल दोनदा उघडलं, एकदा डेक्कनला आणि एकदा लक्ष्मी रोडवर विजय टॉकीजपाशी. बेलबाग चौकात पोचल्यावर मी म्हटलं, बास. ती थांबली, हात जोडले आणि दिंडी नजरेआड होईपर्यंत तशीच उभी राहिली. रात्री बर्फाने शेकलं. दुसऱ्या दिवशी दुखलं, तिसऱ्या दिवशी नेहमीसारखं.

पीआरपीचा विचार आम्ही सोडलेला नाही. दिवाळीनंतर पुन्हा दाखवायचं आहे. तेव्हा लागलं तर एकदा घेऊ, आणि चक्रगती ताई, प्लेटलेटचा आकडा लिहून घेऊनच.

पायऱ्यांचं सांगायचं राहिलं. परवा मी खाली गाडीपाशी वाट बघत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिने डावा पाय टाकला आणि उजवा त्याच पायरीवर न आणता थेट पुढच्या पायरीवर टाकला. चार पायऱ्या तशाच उतरली, मग पुन्हा जुन्या सवयीने. कठडा एकाच बाजूला आहे, दुसऱ्या बाजूच्या भिंतीला पाइप बसवायला सोसायटीने होकार दिलाय. फॅब्रिकेशनवाल्याने आठ हजार सांगितलेत, तिन्ही मजल्यांचे मिळून. सिंहगड रोडच्या बाजूला कुणाच्या ओळखीचा चांगला कारागीर असेल तर कळवा.